जादा गेलेली पोटगी : परत मिळते ती किती आणि कशी

मूल अठरा वर्षांचे होते, वाढदिवस होऊन जातो, आणि पगारातून कापली जाणारी पोटगी मात्र महिन्यामागून महिने कापली जातच राहते. आदेश आठ-दहा वर्षांपूर्वीचा असतो, त्याची प्रत कुठल्यातरी फायलीत दडलेली असते, बँकेला दिलेली सूचना आपोआप चालू असते. मग कधीतरी हिशेब करताना लक्षात येते की मुलाच्या नावावरची रक्कम आता द्यायची नव्हती, तरी दिली गेली. अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो 'गेलेले पैसे परत कसे मिळवायचे?' हा. प्रश्न रास्त आहे, पण पहिला विचार त्याचा करू नये. आपल्याकडच्या कायद्याची घडण अशी आहे की दिलेली पोटगी परत मिळवणे फार कठीण आणि चालू पोटगी वेळेवर थांबवणे त्या मानाने सोपे. शिवाय परत मिळण्याची जी काही थोडी आशा असते, तीही पोटगी थांबवण्याचा अर्ज किती लवकर दिला यावर बरीच अवलंबून असते. म्हणून आधी पुढची गळती बंद करायची आणि मागच्या रकमेचे नंतर बघायचे. एका अर्थी हा लेख हा क्रम पटवून देण्यासाठीच आहे.

आधी हक्क संपतो कधी ते पाहू. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, दोन्हींत अज्ञान मुलाला पोटगीचा हक्क आहे. सज्ञान झाल्यावर तो हक्क उरतो तो शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे, अथवा इजेमुळे, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अपत्यापुरता, आणि त्यातही विवाहित मुलगी वगळून. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याचे कलम २० आई आणि वडील दोघांवरही जबाबदारी टाकते. मुलाच्या बाबतीत ती तो अज्ञान असेपर्यंतच असते. मुलीच्या बाबतीत ती अविवाहित असेपर्यंत राहते, मात्र तिला स्वतःच्या मिळकतीतून निर्वाह करता येत नसेल तरच. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात 'मूल' म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती. आता अठरा नेमके पूर्ण कधी होतात? १८७५ चा सज्ञानता कायदा सांगतो की जन्मदिवस पूर्ण दिवस म्हणून धरायचा आणि अठराव्या वाढदिवसाच्या आरंभीच व्यक्ती सज्ञान झाली असे मानायचे. म्हणजे १२ जून २००७ ला जन्मलेला मुलगा १२ जून २०२५ उजाडताच सज्ञान. तो दिवस त्याच्या पोटगीत धरायचा नाही.

कायदा इतका स्पष्ट असूनही जादा पैसे जातात, कारण पोटगी ज्या कागदावर चालते तो असतो आदेश, आणि आदेशाची भाषा दर ठिकाणी वेगळी असते. काही आदेशांत 'अर्जदार क्र. २ सज्ञान होईपर्यंत' असे शब्द असतात. अशा आदेशाची मुलापुरती मुदत त्याच्याच शब्दांनी संपते. काही आदेशांत पत्नीला इतके आणि मुलाला इतके असे आकडे वेगळे दिलेले असतात, पण कधीपर्यंत ते लिहिलेले नसते. आणि काही आदेशांत 'अर्जदारांना दरमहा एकत्रित पंधरा हजार' एवढेच असते. हा शेवटचा प्रकार सगळ्यांत त्रासदायक. त्यातला मुलाचा वाटा किती हे न्यायालयाने सांगितलेलेच नसते, त्यामुळे मुलगा अठराचा झाला म्हणून रक्कम निम्मी झाली असे देणाऱ्याला परस्पर ठरवता येत नाही. एकत्रित रक्कम न्यायालय कमी करेपर्यंत पूर्ण देय राहते, आणि कमी करताना पत्नीच्या आजच्या गरजांचा नव्याने विचार होतो. परस्परसंमतीने घटस्फोट झाला असेल तर तडजोडीच्या अटी वाचायला हव्यात. त्यांत 'पदवी पूर्ण होईपर्यंत' किंवा 'एकविसाव्या वर्षापर्यंत' असे वचन असेल, तर वडिलांनी ते स्वखुशीने दिलेले असते आणि अठराचा मुद्दा तिथे चालत नाही. थोडक्यात, 'जादा' हा शब्द उच्चारण्याआधी आदेशाची प्रमाणित नक्कल हातात हवी. आठवणीवर, किंवा वकिलांनी त्या वेळी काय सांगितले होते त्यावर, भिस्त ठेवू नये.

आता वसुलीच्या मुळाशी असलेल्या अडचणीकडे येऊ. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये एस. विजिकुमारी विरुद्ध मौनेश्वराचारी सी. या प्रकरणात कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २५(२) चा अर्थ लावला. पत्नीला दरमहा १२,००० रुपये देण्याचा आदेश २०१५ मध्ये झाला होता. पतीने पुढे परिस्थिती बदलल्याचे सांगून तो आदेश रद्द करावा आणि दिलेली सगळी रक्कम परत मिळावी अशी मागणी केली. न्यायालयाने सांगितले की परिस्थिती बदलल्यामुळे आदेशात होणारा बदल पुढच्या काळापुरताच असतो, तो मागे जात नाही, आणि मूळ आदेशानुसार आधी दिलेली रक्कम अशा अर्जातून परत मागता येत नाही. हा निकाल मुलाच्या वयाबद्दलचा नाही, त्या विशिष्ट कायद्यातला आहे, हे खरे. पण त्यामागचा विचार पोटगीच्या सर्वच आदेशांना लागू पडणारा आहे. आदेश अस्तित्वात असताना त्यानुसार घेतलेला पैसा घेणाऱ्याने चुकीने घेतलेला नसतो. आणि पोटगीचा पैसा मुळातच खर्चण्यासाठी असतो. किराणा, भाडे, फी यांत तो गेलेला असतो. चार वर्षांनी तो परत काढायचा म्हटले तर त्या घरात आज ज्याची गरज आहे त्यातूनच तो काढावा लागेल. न्यायालये इथे कचरतात ती केवळ सहानुभूतीपोटी नव्हे. चालू आदेशावर विसंबून खर्च करता आला नाही, तर पोटगीच्या आदेशाला अर्थच राहणार नाही.

यावर लगेच आक्षेप येईल : ज्या रकमेचा हक्कच संपला, ती ठेवून घेणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर फुकट लाभ घेणे नाही का? आणि भारतीय करार कायद्याचे कलम ७२ चुकून दिलेला पैसा परत करायला सांगतेच की. हा आक्षेप वजनदार आहे, आणि एका परिस्थितीत तो टिकूही शकतो. आदेशात 'सज्ञान होईपर्यंत' असे स्पष्ट शब्द असतील, मुलाची रक्कम वेगळी दाखवलेली असेल, आणि तारीख उलटल्यावरही केवळ बँकेची सूचना बंद करायची राहून गेली म्हणून पैसे गेले असतील, तर ते पैसे आदेशानुसार दिले असे म्हणता येत नाही. आदेश त्या तारखेला संपलेला होता. अशा रकमेसाठी कलम ७२ चा आधार घेता येतो. कायद्याबद्दलच्या गैरसमजातून दिलेला पैसाही या कलमात बसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने विक्रीकराच्या एका प्रकरणात, कन्हैयालाल मुकुंदलाल सराफ यांच्या खटल्यात, १९५८ सालीच मान्य केले आहे. मुदत साधारणपणे तीन वर्षांची, आणि चूक झाल्याचे उशिरा कळले तर मुदत कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ती कळल्यापासून, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर कळू शकली असती तेव्हापासून, मोजता येते. मात्र आपल्याच मुलाचा वाढदिवस आपल्याला माहीत नव्हता असे म्हणणाऱ्या बापाला न्यायाधीशांसमोर कितपत बाजू मांडता येईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

उलटपक्षी, आदेश एकत्रित रकमेचा असेल किंवा त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर कलम ७२ चा आधार पोकळ होतो. तिथे चूक कुठे झाली? न्यायालयाने द्यायला सांगितले आणि दिले. बदल मागण्याचा मार्ग कायद्याने ठेवलेला होता, तो वापरला नाही एवढेच. जुन्या संहितेचे कलम १२७, आताचे १४६, परिस्थिती बदलल्याचे सिद्ध झाल्यास पोटगीत फेरफार करण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना देते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांसाठी झालेला आदेशही बदलता किंवा रद्द करता येतो. दार उघडे असताना ते न ठोठावणाऱ्याला नंतर फारशी सहानुभूती मिळत नाही. ब्रिटनमध्ये मुलांच्या पोटगीसाठी सरकारी यंत्रणा आहे. मूल सोळा वर्षांचे झाले, किंवा मान्य शिक्षण घेत असेल तर विसाच्या आत ते शिक्षण संपले, की ती यंत्रणा स्वतः प्रकरणाचा फेरहिशेब करते. आपल्याकडे असे कोणतेही खाते नाही. आदेश देणारे न्यायालय मुलाच्या वाढदिवसाची नोंद ठेवून देणाऱ्याला पत्र पाठवत नाही. लक्ष ठेवण्याचे काम सर्वस्वी देणाऱ्याचे.

म्हणून अठरावे पूर्ण होण्याच्या पाच-सहा महिने आधी कामाला लागावे. ज्या न्यायालयाचा आदेश आहे तिथल्या नक्कल विभागातून प्रमाणित प्रत घ्यावी. जन्मदाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. बँकेचे उतारे काढून मुलाच्या वाट्याची रक्कम कोणत्या तारखेला गेली ते एका कागदावर उतरवावे. आदेशात मुदत नसेल तर कलम १४६ खाली अर्ज सज्ञानतेच्या तारखेच्या आसपास तयार असला पाहिजे, कारण फेरफार मागे जाण्याची खात्री नसेल तर अर्जाची तारीख हीच आपल्या हातातली एकमेव गोष्ट उरते. अर्जात दोन मागण्या वेगवेगळ्या लिहाव्यात : मुलापुरती पोटगी अमुक तारखेपासून बंद करावी, आणि अर्ज प्रलंबित असताना मुलापोटी जमा होणारी रक्कम अंतिम निकालाला अधीन राहावी किंवा न्यायालयात जमा करण्याची परवानगी मिळावी. या दुसऱ्या मागणीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. निकालाला वर्ष लागले तर त्या वर्षाचे पैसे वाचतात ते तिच्यामुळेच.

पगारातून कपात होत असेल तर आणखी एक टप्पा आहे. कंपनीच्या लेखा विभागात जन्मदाखला नेऊन दिला म्हणजे कपात थांबेल असे बरेच जण समजतात. ते होणार नाही, आणि व्हायलाही नको. मालक कपात करतो ती न्यायालयाच्या आदेशाने. ती थांबवण्यासाठी त्याला न्यायालयाचेच पत्र लागते. फेरफाराचा आदेश झाला तरी तो आपोआप कंपनीत पोहोचत नाही. आदेशातच 'मालकास तसे कळवावे' असा उल्लेख करून घ्यावा आणि पत्र रवाना झाले की नाही याचा पाठपुरावा स्वतः करावा. आदेश झाल्यानंतरही दोन-तीन महिने कपात चालू राहिली तर ती रक्कम मात्र निःसंशय जादा असते, कारण ती आदेशाच्या विरुद्ध गेलेली असते. तिच्या परतीसाठी त्याच न्यायालयात छोटा अर्ज पुरेसा ठरू शकतो.

आता मागच्या रकमेचा हिशेब. समजा आदेशात पत्नीला दरमहा ८,००० आणि मुलाला सज्ञान होईपर्यंत ६,००० रुपये आहेत. मुलगा १२ जून २०२५ ला सज्ञान झाला आणि वडिलांच्या लक्षात आले ते फेब्रुवारी २०२६ ची रक्कम गेल्यावर. जूनचे पहिले अकरा दिवस मुलाचे. उरलेल्या एकोणीस दिवसांचे रोज २०० रुपयांप्रमाणे ३,८०० रुपये होतात. जुलै ते फेब्रुवारी आठ महिन्यांचे ४८,०००. एकूण ५१,८०० रुपये. जूनच्या त्या ३,८०० रुपयांवर अडून बसू नये. ते सोडून दिल्याने समोरच्या बाजूला आपला हेतू स्वच्छ वाटतो आणि न्यायालयालाही. हा हिशेब स्पीड पोस्टने पाठवावा, पोच जपून ठेवावी, आणि पत्राची भाषा वकिली नोटिशीसारखी खडबडीत नसावी. साधारण असे पत्र पुरते :

'चि. अमुक याने दि. १२ जून २०२५ रोजी वयाची १८ वर्षे पूर्ण केली आहेत. न्यायालयाच्या आदेशातील त्याच्यासाठीची दरमहा रु. ६,०००/- ही रक्कम तो सज्ञान होईपर्यंतची होती. माझ्या नजरचुकीने त्यानंतरही रक्कम जमा होत राहिली. हिशेब सोबत जोडला आहे. आपल्यासाठीची दरमहा रु. ८,०००/- ही रक्कम पूर्वीप्रमाणेच नियमित जमा होईल. जादा गेलेल्या रकमेबाबत आपले म्हणणे पंधरा दिवसांत कळवावे, ही विनंती.'

पत्रातले पत्नीच्या रकमेबद्दलचे वाक्य शोभेसाठी नाही. इथेच सर्वांत महागडी चूक होते. 'माझे पन्नास हजार तिच्याकडे आहेत, तर पुढचे सहा महिने तिचे आठ हजार मी देणार नाही, हिशेब चुकता' असा विचार करून माणूस परस्पर वळते करतो. पत्नीची पोटगी हा तिचा स्वतंत्र हक्क आहे, मुलाच्या रकमेशी तिची गल्लत करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने भविष्यातील पोटगीचा हक्क जप्तीतूनही वगळला आहे. ज्या हक्कावर हुकूमनामा हातात असलेल्या सावकारालाही टाच आणता येत नाही, त्यावर पतीने घरबसल्या वजावट कशी करायची? परस्पर कपात केली की ती थकबाकी ठरते. पत्नी देय तारखेपासून एका वर्षात वसुलीचा अर्ज देऊ शकते, वॉरंट निघू शकते, आणि प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंतची कैद होऊ शकते. बरे, कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या प्रकरणात १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणजे जादा गेलेल्या पन्नास हजारांपायी तुरुंगही पाहायचा आणि पैसेही भरायचे. वजावट हवी असेल तर ती न्यायालयाकडून किंवा पत्नीच्या लेखी संमतीने. रजनीश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निरनिराळ्या कायद्यांखाली मिळालेल्या पोटगीचा मेळ घालून वजावट करण्याचे मार्गदर्शन न्यायालयांना केलेले आहे. वजावटीची कल्पना त्यामुळे न्यायालयांना परकी नाही. फक्त ती करायची न्यायालयाने, आपण नव्हे.

मुलगी असेल तर थांबण्याआधी दोनदा विचार करावा. 'अठरा झाली, संपले' हे मुलीच्या बाबतीत सरसकट खरे नाही. अभिलाषा विरुद्ध प्रकाश या सप्टेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सज्ञान, धडधाकट अविवाहित मुलीला कलम १२५ खाली पोटगी मिळत नाही, पण हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २०(३) खाली ती विवाह होईपर्यंत मागू शकते. त्यासाठी तिने त्या कायद्याखाली स्वतंत्र दाद मागायला हवी. मुस्लिम कुटुंबांबाबत नूर सबा खातून प्रकरणात १९९७ मध्ये न्यायालयाने मुलींचा हक्क विवाहापर्यंत मानला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अ‍ॅग्नेस लिली इरुदया यांच्या प्रकरणात सज्ञान मुलीसाठी आईने केलेली पोटगीची मागणी ग्राह्य धरली. तेव्हा वडील मुलीपोटी गेलेले पन्नास हजार परत मागायला गेले, तर समोरून कलम २०(३) चा दावा येणार हे धरून चालावे. त्या कायद्यात अविवाहित मुलीच्या निर्वाहात तिच्या लग्नाचा वाजवी खर्चही धरलेला आहे. वसुलीचा दावा करून आपणच मोठ्या दाव्याला आमंत्रण द्यायचे का, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. माझे मत सांगायचे तर शिकत असलेल्या अविवाहित मुलीपोटी गेलेली रक्कम परत मागूच नये. कायद्याने ती 'जादा' ठरण्याची शक्यता कमी, आणि ठरलीच तरी हाती लागण्याची त्याहून कमी.

मुलाच्या बाबतीतही हिशेब दिसतो तितका सोपा नाही. महाराष्ट्रात मुलगा बारावी होतो तो साधारण अठराव्या वर्षी. पोटगी ज्या जूनमध्ये थांबते त्याच सुमारास सीईटीचा निकाल, प्रवेशाच्या फेऱ्या, वसतिगृहाची अनामत रक्कम हे सगळे सुरू होते. खर्च वाढायच्या वेळी हक्क संपतो, ही कायद्यातली विसंगती न्यायालयांच्या नजरेतून सुटलेली नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उर्वशी अग्रवाल प्रकरणात सज्ञान मुलाच्या शिक्षणाचा भार एकट्या आईवर पडतो हे लक्षात घेऊन तिला अंतरिम रक्कम मंजूर केली. मुलगा अठराचा झाला म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही, असे त्यात म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयासमोर जानेवारी २०२५ मध्ये निकाली निघालेल्या एका वैवाहिक वादात वडिलांनी दिलेले ४३ लाख रुपये आयर्लंडमध्ये शिकणारी मुलगी नाकारत होती. न्यायालयाने तिला ते ठेवून घेण्याचा हक्क असल्याचे सांगितले आणि आईवडिलांकडून शिक्षणखर्च मिळवणे हा मुलीचा कायदेशीर हक्क मानला. हा वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते वसुलीला निघणाऱ्याने ओळखावे. पत्नीची पोटगी वाढवून मागण्याचा अर्जही त्याच कलम १४६ खाली येतो. मुलाच्या सहा हजारांसाठी उघडलेल्या प्रकरणात पत्नीचे आठ हजार बारा होऊन बाहेर पडणे अशक्य नाही.

मात्र लपवाछपवी झाली असेल तर चित्र पालटते. मुलीचे लग्न होऊन गेले आणि ते न सांगता रक्कम घेतली, मूल वर्षभर वडिलांकडेच राहत असताना त्याच्या नावाची वसुली चालू ठेवली, किंवा शपथपत्रात खोटी जन्मतारीख दिली, तर 'आदेशानुसार घेतले' हा बचाव ढिला पडतो. रजनीश विरुद्ध नेहा निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि आधीच्या पोटगीची माहिती शपथपत्रावर देणे बंधनकारक केले आहे. खोटे शपथपत्र दिल्यास त्याच न्यायालयाला कारवाईचा विचार करायला सांगता येतो. फसवणुकीमुळे वस्तुस्थिती दडून राहिली असेल, तर मुदतही ती उघड झाल्यापासून मोजली जाते. पण आरोप करताना पुरावा कागदाचा हवा : विवाह नोंदणीचा दाखला, शाळा-महाविद्यालयातील नोंद, भाडेकरार. शेजाऱ्यांनी सांगितले एवढ्यावर कोणावर खोटेपणाचा शिक्का मारू नये. मूल स्वतःकडे राहायला आले असेल, तर तो प्रसंग वयाइतकाच महत्त्वाचा समजून त्याच आठवड्यात फेरफाराचा अर्ज द्यावा.

प्रत्यक्षात पैसा परत येतो तो बहुधा तडजोडीतून, आणि रोखीने क्वचितच. कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्याने न्यायालयावर समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली आहे, तिथे विवाह समुपदेशक असतात, आणि वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नसल्याने अर्ज स्वतः चालवणेही तिथे नवलाचे नाही. फेरफाराच्या अर्जातच समोरच्या बाजूशी बोलून संयुक्त पुरसीस, म्हणजे दोघांच्या सहीचे लेखी निवेदन, देता येते : मुलाची पोटगी अमुक तारखेपासून बंद, जादा गेलेली रक्कम त्याच्या पहिल्या वर्षाच्या फीमध्ये वडिलांचा हिस्सा म्हणून धरली, यापुढे त्या काळाबद्दल कोणाचा कोणावर दावा नाही. वडिलांना रोख मिळत नाही, पण जी फी कधी ना कधी अंगावर येणारच होती तिच्यातून तेवढी वजा होते. आईला हप्ते फेडावे लागत नाहीत. मुलगा सज्ञान आहे, त्यामुळे शक्य असेल तर त्याचीही सही घ्यावी. अशी तडजोड तोंडी ठेवू नये. ती न्यायालयाच्या रोजनाम्यात आली पाहिजे.

पोटगी घेणाऱ्या आयांनाही दोन शब्द. मुलगा सज्ञान झाल्याचे कळवण्याची वाट समोरच्याने बघत बसावी, यात तुमचा फायदा फार काळ टिकत नाही. मुदत स्पष्ट लिहिलेल्या आदेशानंतर आलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते, ती वेगळी ठेवलेली बरी. मुलाच्या शिक्षणाचा खर्च उभा राहणार असेल तर आपल्या पोटगीत वाढ मागण्याचा अर्ज, किंवा मुलीसाठी कलम २०(३) खालचा अर्ज, अठरावे पूर्ण होण्याआधीच तयार करावा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

दिवाणी दावा लावून मागची रक्कम वसूल करायची की नाही, याचा निर्णय शेवटी तीन गोष्टी पाहून करावा : आदेशात मुदत स्पष्ट लिहिली आहे का, मुलाची रक्कम वेगळी दाखवली आहे का, आणि पहिली जादा रक्कम जाऊन तीन वर्षे झाली आहेत का. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेल, तर वकिलाची फी त्या दाव्यावर घालवू नका. ती फेरफाराच्या अर्जावर खर्च करा, आणि तो अर्ज पुढच्या महिन्याचा पगार होण्याआधी दाखल करा.